मुळाशी बी असलेलं झाड

माझं नाव हुनाम. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'हिच्या पाठीवर मुलगा'. मी पोटात असताना आईला स्वप्न पडलं होतं. ती डोंगर उतरतेय, वरून चेस्टनट पडताहेत, आणि परकराच्या ओच्यात मावेनासे झालेत. चेस्टनटचं स्वप्न पडलं की मुलगाच होणार, याबद्दल आमच्याकडे कुणाच्या मनात शंका नसते. आमचं सगळं नुरुमगोल गाव वाट बघत बसलं आणि आले मी. मग मला हे नाव ठेवून मंडळींनी पुढच्या खेपेकडे डोळे लावले. मी नीट चालायला लागायच्या आत बाबा लढाईत गेले, त्यामुळे पुढची खेप काही झाली नाही.

बाबा गेले ते गेलेच, पण त्यांना दर वर्षी जेवायला कोण वाढणार, हा खरा प्रश्न होता. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला सकाळी पितरांचं पान मांडायचं, ते मुलाने. मुलीने का नाही, हे मी लहानपणी खूपदा विचारलं आणि दर वेळी उत्तर म्हणून डोक्यात टपली मिळाली. शेवटी काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, मार्ग काढला. त्यांना स्वतःचा एकच मुलगा होता, तो ते द्यायचे नाहीत. पण डोंगरापलीकडे एका चुलतभावाच्या घरी मुलांची रांग लागली होती आणि तांदळाचा हंडा रिकामा होता. तिथून त्यांनी एक मुलगा दत्तक आणला. तो म्हणजे तेग्यूदादा.

तो आला तेव्हा नऊ वर्षांचा असेल. माझ्याहून दोन पावसाळे मोठा. पायात कुणाचे तरी मोठे रबरी बूट होते, ते निघू नयेत म्हणून पाय घासत चालत होता. अंगणात सगळं गाव त्याला बघायला जमलेलं, आणि हा बघतोय कुठे तर घरामागच्या चेस्टनटच्या झाडाकडे.

"जेवलास?" आईने विचारलं.

"हो," तो म्हणाला. पण त्याने आवंढा गिळलेला मी पाहिला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, हे मला समजलं आणि आईलाही समजलं. आई आत गेली आणि तिने त्याच्यासाठी पान वाढून आणलं. जवळ मात्र घेतलं नाही. तशी ती मलाही कधी घेत नसे.

घरामागचं ते झाड आजोबांनी बी टाकून वाढवलेलं होतं. चेस्टनटचं झाड कितीही मोठं झालं तरी ज्या बीपासून ते उगवलं ते बी त्याच्या मुळाशी न कुजता तसंच राहतं, असं आमच्याकडे मानतात. आपण कुठून आलो हे ते झाड विसरत नाही, म्हणून पितरांच्या पानात त्याची फळं लागतात. ही फळं सणाच्या आदल्या दिवशी घरातल्या पुरुषांनी बसून कच्चीच सोलायची आणि सुरीने पैलू पाडून ठेवायची. तेग्यूदादा आला त्याच आठवड्यात सण होता. काकांनी त्याला शेजारी बसवलं, हातात सुरी दिली आणि झाडाची ही सगळी कथा सांगितली. मग स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच खूष होऊन म्हणाले, "कलमाच्या झाडाचं काय घेऊन बसलात! उभं एकाच्या पायावर, फळ दुसऱ्याचं. असल्या झाडाला पितर काय ओळखणार?"

मी सात वर्षांची होते, तरी मला ते झोंबलं. तेग्यूदादाने मान वर केली नाही. तो चेस्टनट सोलत राहिला. वरचं टणक टरफल सुटतं, पण त्याच्या खाली एक मऊ, तपकिरी, तुरट साल असते, ती दाण्याच्या घड्याघड्यांत शिरून बसते. ती काढायची म्हणजे अर्धा दाणा तासून टाकावा लागतो. बराच वेळ झटापट केल्यावर त्याने आईला विचारलं, "आई, ही आतली साल आपली आपण सुटेल असं झाड नसतं का हो?"

"असतं," आई म्हणाली. "स्वप्नात."

आमची चुंगचॉंग प्रांताकडची माणसं चेष्टा करतात तीही न हसता. पण ह्या वेड्याने ते खरं धरलं.

मी आईला 'तू' म्हणायचे. तो शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणायचा. शाळेतून आला की सगळी कामं करायचा, न सांगता. रात्री जेवताना पातेल्यात किती भात उरलाय ते बघून मग दुसऱ्यांदा घ्यायचा. पाहुणा जसा राहतो तसा तो आमच्या घरात वर्षानुवर्षं राहिला. त्याला आईकडून एक गोष्ट हवी होती, आणि ती काय हे त्याला स्वतःला तरी शब्दांत सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

मग ती माशी आली. डासाहून बारीक. चेस्टनटच्या कळ्यांत अंडी घालते, आणि वसंतात पालवीच्या जागी लाल लाल गाठी येतात. पहिल्या वर्षी आम्ही पोरी त्या तोडून केसांत माळत होतो, इतक्या छान दिसायच्या. पण गाठ आली की पान नाही, फूल नाही, फांदी वाळते. दोन-तीन वर्षांत आमच्या खोऱ्यातली जुनी झाडं एकामागून एक गेली. आजोबांच्या झाडाची एकच फांदी जिवंत राहिली. पुढे सरकारने माशीला दाद न देणारी नवी कलमं वाटली आणि डोंगर पुन्हा हिरवे झाले. फळ मोठं, दिसायला टपोरं. चवीला मात्र उकडलेला कापूस. आणि आतली साल अशी चिकटलेली, की बायकांनी सोलता सोलता सरकारला नावं ठेवली.

आई ती फळं विकायची, खायची, पण पितरांच्या पानात ठेवायची नाही. "कलमाची आहेत," एवढंच म्हणायची. सणाच्या आधी वरच्या डोंगरावर राहणाऱ्या एका म्हातारीकडून ती रानटी झाडांचे, बोटाच्या पेराएवढे चेस्टनट आणायची आणि तेग्यूदादा ते मुकाट्याने सोलायचा.

तो शेतीशाळा शिकला, सैन्यातली वर्षं भरून आला आणि परत आल्यावर पहिल्याच जूनमध्ये शिडी घेऊन झाडावर चढला. आजोबांच्या झाडाच्या त्या एकुलत्या फांदीला तुरे आले होते. ते तोडून त्याने घराच्या, खालून चुलीच्या धगीने तापणाऱ्या जमिनीवर कागद पसरून वाळवले, पराग बाटलीत झाडून घेतला आणि नव्या झाडांच्या फांद्यांना मेणकागदाच्या पिशव्या बांधून त्यांतल्या फुलांना तो बारीक कुंचल्याने लावला. दुसऱ्या कुठल्या झाडाचा पराग लागू नये म्हणून पिशव्या पुन्हा बांधल्या. खालून बघणाऱ्या काकांनी विचारलं, "काय रे, झाडांना टोप्या घालतोस?"

"लग्न लावतोय, काका."

"स्वतःचं आधी लाव."

ते त्याने पुढच्या वर्षी लावलं. ओकचोन गावची मुलगी, म्हणून आम्ही तिला ओकचोनवहिनी म्हणतो. बोलायला फटकळ आणि मनाने निर्मळ. त्याला दोन मुली झाल्या आणि दोघींची नावं त्याने स्वतः ठेवली, चांगली, चंद्रावरून आणि पाण्यावरून. मला ते फार आवडलं. मधल्या काळात माझंही लग्न झालं होतं. माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला आणि बोट परत आली नाही. मी गाठोडं घेऊन माहेरच्या दारात उभी राहिले, तेव्हा तेग्यूदादाने काही न विचारता गाठोडं हातातून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं आलीस. चाखायला माणूस कमी पडत होतं."

चाखायचं ते चेस्टनट. ते जूनचे दिवस आठवले की अजूनही माझं मन जागेवर राहत नाही. चेस्टनटला फुलं येतात तेव्हा सगळा डोंगर दुधाळ होतो. त्या फुलांचा वास गोड नसतो, जड असतो, थोडा लाजिरवाणाच. गावातल्या बायका तो आला की एकमेकींकडे बघून हसतात आणि विधवांना खिडक्या लावून घ्यायला सांगतात. मलाही सांगायच्या. मी उघड्याच ठेवायचे. दुपारी उन्हात ते तुरे हळूहळू गळत राहायचे, मधमाश्यांचा आवाज एवढा सलग यायचा की तो थांबला तरच कळावं, आणि त्या सगळ्यात शिडीवर तेग्यूदादा एका हातात कुंचला धरून डोळे मिटून बसलेला दिसायचा. मला वाटायचं, झोप लागली की काय. हाक मारली तर म्हणायचा, "आहे जागा. झाड कसं होईल ते बघतोय."

"डोळे मिटून?"

"उघड्या डोळ्यांनी फक्त आजचं दिसतं गं."

असं बोलणारा माणूस संसाराला किती उपयोगी, ते ओकचोनवहिनीला विचारा. पण तीही कधी कधी भाताचं भांडं घेऊन त्या शिडीखाली गेली की तासभर परत यायची नाही. परतली की केसांत तुरे अडकलेले असायचे.

त्याच्या झाडांची पहिली पिढी फुकट गेली. बोंडं आली, बिया वाळूत जपल्या, वाफ्यात पेरल्या, रोपं डोंगरावर लावली, सहा वर्षं वाट पाहिली. निम्म्यांवर माशीच्या गाठी आल्या. बाकीच्यांची फळं कुणाची गोड, कुणाची मोठी, पण साल सगळ्यांची चिकट. मग त्याने त्यातल्याच चांगल्या झाडांची आपसात लग्नं लावली.

"भावाबहिणींची?" मी म्हटलं. "लाज नाही वाटत?"

"आतमध्ये काहीतरी दडलेलं असतं. दोन्हीकडून आलं तरच बाहेर पडतं," तो म्हणाला. लाजला मात्र.

दर हिवाळ्यात नापास झाडं तोडायची. ते काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. कुऱ्हाड घालण्याआधी खोडावर तळहात ठेवून क्षणभर उभा राहायचा. तेव्हा कुणी विनोद केलेला त्याला चालायचा नाही. आणि दर ऑक्टोबरात घरभर पाट्या मांडून भाजलेले, उकडलेले चेस्टनट आम्हाला खायला घालायचा. आमच्या पोटांचं जे व्हायचं ते लिहिण्यासारखं नाही. वहिनी उघड्यावर झोपायची धमकी द्यायची. मी चव सांगायचे, लांबलचक. आईसमोर पाटी ठेवली की ती एक दाणा चघळायची, खूप वेळ, आणि प्रत्येक झाडाबद्दल तेच म्हणायची, "बरं आहे." तो त्या दोन शब्दांसाठी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. ते बघून माझा जीव तुटायचा.

आणि मग ते झाड आलं. ओकचोनवहिनी चुलीपाशी बसून भाजलेली फळं सोलत होती. टरफलाला चीर पाडलेला एक चेस्टनट तिने चिमटीत दाबला, तर आतला दाणा टुणकन उडाला आणि राखेत पडला. पिवळाधमक, गुळगुळीत, अंगावर सालीचा एक धागा नाही. तेग्यूदादाने त्याच पाटीतला दुसरा घेतला. तोही तसाच सुटला. तिसराही. राखेत पडलेला दाणा मी पुसून तोंडात टाकला, आणि लहानपणी आजोबांच्या झाडाखाली खाल्लेली चव इतक्या वर्षांनी परत जिभेवर आली. मला रडू फुटलं.

"हं," तेग्यूदादा म्हणाला. आमच्या चुंगचॉंगमध्ये एवढा आनंद पुष्कळ झाला. मग तो बाहेर गेला आणि दिवस मावळेपर्यंत त्या झाडाखाली बसून राहिला.

खोऱ्यातले सगळे बागाईतदार फळं बघायला आले. सोलून बघितली, खाल्ली, आणि तिथल्या तिथे कलमाच्या काड्या मागायला लागले. तेग्यूदादा म्हणाला, "आणखी दोन शरद जाऊ द्या. एका वर्षाच्या फळावर झाड ओळखता येत नाही. तुमच्या डोंगरावर माझी चूक लावू नका." नाराज होऊन गेले, पण गेले. दोन शरद गेले. झाडावर माशीची एक गाठ आली नाही, फळ तसंच टपोरं, साल तशीच सुटणारी.

तेव्हा सणाच्या आधी त्याने त्या झाडाची निवडक फळं परडीत भरली आणि आईसमोर ठेवली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, काका ओसरीवर बसले होते.

"आई, हे कलम नाही. बी पेरून आलेलं झाड आहे. आजोबांच्या झाडाचं नातवंड आहे. ह्या वर्षी बाबांच्या पानात..." पुढचं त्याला म्हणता येईना.

आईने परडीकडे बघितलं. काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बियाचं कशावरून? तो म्हणतो म्हणून? वहिनी, दत्तक पोराने टोप्या घालून केलेलं झाड ते. त्याच्या मुळाशी काय आहे ते कुणी पाहिलंय?"

"बघू," आई म्हणाली, आणि त्या वर्षीही म्हातारीचे रानटी चेस्टनटच पानात गेले. तेग्यूदादाने ते सोलले. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी आईशी दोन दिवस बोलले नाही. तिने ते लक्षातही घेतलं नाही, किंवा घेतलं असेल.

तो हिवाळा कडक होता. दर वर्षीसारख्या तेग्यूदादाने फेब्रुवारीत चांगल्या झाडांच्या, त्या झाडाच्याही, कलमासाठी डोळकाड्या कापल्या, ओल्या पेंढ्यात गुंडाळल्या आणि किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, रांजण पुरलेल्या खड्ड्यात ठेवल्या. जेवणात काड्या सापडल्या तर बघ, म्हणून वहिनी ओरडली. वसंत आला. सगळ्या डोंगराला पालवी फुटली. त्या झाडालाही फुटली, पण पानं उंदराच्या कानाएवढी होऊन तिथेच थांबली, आणि काही दिवसांत माना टाकू लागली. तेग्यूदादाने बुंध्याशी साचलेला पाला बाजूला केला. खाली मुळाच्या मानेभोवती साल सगळीकडून खरवडलेली होती. उघड्या पडलेल्या त्या जागेत थंडी शिरली होती. आतलं लाकूड काळं पडलं होतं, आंबूस वास येत होता.

"रानडुक्कर असेल," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"डुक्कर नाही," मागून आई म्हणाली. "मी."

ती आमच्या मागोमाग चढून कधी आली ते कळलं नव्हतं. ती उभ्यानेच बोलली, नजर झाडावर ठेवून. सणानंतर तिला स्वप्न पडलं होतं. बाबा त्या झाडाखाली उकिडवे बसलेत, लढाईला गेले तेव्हा होते तेवढेच तरुण, आणि काडीने माती उकरताहेत. तिच्याकडे वर बघून म्हणाले, मी कुणाच्या हातचं खातो ते मला एकदा बघू दे. मग ती उठली. आम्ही पलीकडच्या उतारावर बोंडं वेचत होतो, तेव्हा ती खुरपं घेऊन इथे आली आणि मुळाशी बी शोधत बसली.

"मिळालं असतं तर भाऊजींच्या हातात ठेवणार होते," ती म्हणाली. "म्हणणार होते, हे घ्या, आणि आता तोंड मिटा. पण मिळेना. एका बाजूला नाही म्हणून दुसऱ्या बाजूला खणलं. मग चौफेर खणलं. नाहीच मिळालं. मी परत पाला लोटून ठेवला."

तेग्यूदादाने पाला परत मुळाशी लोटला. मग म्हणाला, "आई, बी इथे कसं असेल? मी रोप वाफ्यात वाढवलं आणि तिथून उपटून इथे लावलं. उपटताना बी तुटून पडतं. सगळ्यांचंच पडतं."

"म्हणजे होतं?"

"होतं. वाफ्यात राहिलं."

आई खाली बसली. मातीतच. बाबांच्या वेळी ती रडली असेल तर मी ते पाहिलेलं नाही, मी फार लहान होते. त्या दिवशी पाहिलं. ती म्हणाली, "एवढं लहान पोर उपटून आणलं, आणि मी त्याला विचारत बसले तुझं बी कुठेय." आता ती झाडाबद्दल बोलत होती की आणखी कशाबद्दल, हे आम्ही कुणी विचारलं नाही. तेग्यूदादाने तिला हात धरून उठवलं.

"काड्या आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "थंडीत कापलेल्या. झाड नाही वाचणार, पण हे फळ वाचेल."

"कलमं करणार?"

"दुसरा उपाय नाही, आई."

एप्रिलमध्ये त्याने डोंगरावरच्या रानटी रोपांचे खुंट छाटून त्यांवर त्या काड्या बांधल्या. खुंटाची साल उचलायची, काडीला तिरपा काप द्यायचा, आत सरकवायची, घट्ट आवळायची. पट्टी आवळताना दुसरं टोक धरायला आई होती. एरवी ते काम वहिनीचं, पण आईने तिला बाजूला केलं. उन्हं तापायला लागल्यावर ती रोज सकाळी वर जायची आणि डोक्याचा रुमाल सोडून आळीपाळीने एकेका कलमावर सावली धरून बसायची. मी म्हणायचे, "अगं, वेडी झालीस का? रुमालाने काय होणार?" ती म्हणायची, "गप्प बस." काही काड्या वाळल्या. काही जगल्या. आईला त्या पानांशी पुटपुटताना मी एकदोनदा ऐकलं, पण काय ते समजलं नाही. ती वर चढायची तेव्हा धुकं अजून उठलेलं नसायचं, आणि त्या धुक्यात तिचा पांढरा रुमाल तेवढा दिसायचा.

चौथ्या शरदात कलमांना पुरेशी फळं लागली. मूळ झाड कधीच गेलं होतं. त्याचा बुंधा तेग्यूदादाने तोडला, नेहमीप्रमाणे तळहात ठेवून, पण त्या वेळी आईचाही हात त्याच्या हाताशेजारी होता.

सणाचा आदला दिवस. काका आता खूप थकले होते, ऐकायला कमी येत होतं, पण घराण्यातले थोरले म्हणून भिंतीशी पाठ टेकून बसले होते. वहिनी आणि तिच्या मुली तांदळाच्या वड्या पाइनच्या पाल्यावर उकडत होत्या. तेग्यूदादा सुरीला धार लावत होता आणि म्हातारीच्या रानटी चेस्टनटची वाट बघत होता. आई कोठीतून आली आणि त्याच्यासमोर परडी ठेवली. त्याचीच फळं. टपोरी, चकचकीत.

तेग्यूदादा परडीकडे बघतच राहिला.

काका पुढे वाकले. "वहिनी, ही कुठली? बियाची कुठेयत?"

"आणली नाहीत," आई मोठ्याने म्हणाली, त्यांना ऐकू जावं म्हणून. "ही कलमाची आहेत."

"कलमाची? माझ्या दादाच्या पानात?"

"हो. माझा तेग्यू पण कलमाचाच आहे, भाऊजी. इतकी वर्षं तुमच्या दादाला जेवायला तोच वाढतोय. पोट भरलं नाही म्हणून सांगायला ते एकदा तरी आले का तुमच्याकडे?"

काका पुन्हा भिंतीला टेकले. आई तेग्यूदादाकडे वळली. त्याच्याशी बोलताना ती नेहमी बाबांना 'हुनामचे बाबा' म्हणायची.

"बघतोस काय? सोल आता," ती म्हणाली. "उद्या सकाळी तुझे बाबा जेवायला यायचेत."

तेग्यूदादाने सुरी उचलली. एक चेस्टनट घेतला, पण त्याचे डोळे असे भरून आले होते की त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. त्याने ती सुरी मुकाट्याने माझ्यापुढे धरली. मुलगी असून मी त्याच्या शेजारी बसले आणि बाबांच्या पानासाठी ती परडी सोलायला घेतली. काका बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि आई आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली.